टोपडे कोणी विणले?

बारशाला पाळण्याशेजारी बाळंतविडा मांडायची पद्धत आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत अजून टिकून आहे. झबली, टोपडी, दुपटी, लाळेरी, पायमोजे, कुंची, पाळण्यावर टांगायचे चिमणाळे असे सगळे ओळीने मांडलेले असते. आलेल्या बायका एकेक वस्तू उचलून उलटी करून पाहतात, कारण विणकाम चांगले की वाईट ते उलट्या बाजूला कळते. तिकडे घरातले कोणीतरी वहीत आहेर लिहून घेत असते. चांदीचे वाळे कोणाचे, पाकीट कोणाचे, सगळे नावानिशी वहीत जाते. टोपडे कोणी विणले याची नोंद मात्र कुठेच होत नाही. विचारले तर उत्तर मिळते, "घरीच केलंय."

हे "घरीच केलंय" म्हणजे कोणी केले, किती वेळात केले आणि ते काम आपल्या घरात आले कुठून, हा या लेखाचा विषय आहे. विषय बायकांचा आणि लिहिणारा सरकारी कचेरीत फायली पुढे सरकवणारा पुरुष, म्हणून कोणी हसेलही. पण माझी पदविका यंत्र अभियांत्रिकीची आहे. क्रोशाच्या सुईकडे मी एक अवजार म्हणून पाहू लागलो आणि त्या अवजाराचा माग काढत खंबायत, आयर्लंड, पुणे, नरसापूर असा फिरून पुन्हा बडोद्यात आलो. त्या फेरीत जे सापडले ते वाचकांपुढे ठेवतो.

सुई येण्याआधी

विणलेले टोपडे ही आपली फार जुनी चाल आहे, असे बहुतेक घरांत मानले जाते. प्रत्यक्षात आपल्याकडची जुनी बाळलेणी शिवलेली असत. कुंची खणाची किंवा रेशमी कापडाची, काठाला जरी किंवा गोट लावलेली. टोपडेही कापडाचेच, हनुवटीखाली बंद बांधायचे. झबल्याला बटण नाही, बंद. आणि अगदी पहिले काही दिवस तर बाळाला नवे कापड लावायचेच नाही, अशी अनेक घरांत रीत होती. आजीच्या जुन्या लुगड्याचे दुपटे आणि त्याच लुगड्याचे झबले. नजर लागू नये वगैरे कारणे सांगत, पण शेकडो वेळा धुतलेल्या सुती लुगड्याइतके मऊ कापड दुसरे मिळणे कठीण, हे खरे कारण कोणत्याही आजीला ठाऊक होते.

दोन सुयांवरचे विणकाम आणि एका आकड्याच्या सुईचा क्रोशा ही दोन्ही कामे आपल्या घरांत मुख्यतः १९ व्या शतकापासून, युरोपीय बायकांच्या शिकवण्यातून आली. म्हणजे बाळंतविडा आपला, जुना; त्यातले क्रोशाचे टोपडे हे नंतर आलेले पाहुणे. आता ते घरचेच झाले आहे, हे वेगळे.

आकड्याचा प्रवास

क्रोशा हा शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ लहान आकडा. पण आकड्याने दोरा ओढून साखळी घालण्याची विद्या आपल्या गुजरातला फ्रेंचांच्या आधीपासून येत होती. कच्छ आणि सौराष्ट्रातले मोची चामड्यावर भरतकाम करत. त्यांचे अवजार म्हणजे आरी, टोकाला बारीक खाच असलेली. कापडाच्या खालून दोरा धरायचा, वरून आरी घालायची, दोऱ्याचा फास वर ओढायचा आणि पुढचा फास त्यातून काढायचा. झाली साखळी. हेच काम पुढे सुती आणि रेशमी कापडावर होऊ लागले. १७ व्या शतकात गुजरातचे साखळी टाक्याचे भरतकाम खंबायतच्या बाजूने थेट इंग्लंडपर्यंत जात होते. तिथल्या श्रीमंत घरांत त्याचे पडदे आणि पलंगपोस होत.

१८ व्या शतकात युरोपात याच पद्धतीचे भरतकाम लोकप्रिय झाले. कापड ढोलकीच्या पानासारखे गोल चौकटीवर ताणून बसवत, म्हणून फ्रेंचांनी त्याला ढोलावरून 'तांबूर' असे नाव दिले. फ्रान्सच्या राजदरबारचा नक्षीकार सेंत-ओबॅं याने १७७० साली भरतकामावर पुस्तक लिहिले, त्यात या कामाचे वर्णन आहे. पुढे कोणाच्या तरी लक्षात आले की साखळीला खाली कापड असण्याची गरजच नाही. साखळीतूनच साखळी काढत गेले तर कापड आपोआप तयार होते. बऱ्याच अभ्यासकांच्या मते आजचा क्रोशा असा तांबूर कामातून निघाला. १८२३ साली हॉलंडमधल्या 'पेनेलोपे' या नियतकालिकात क्रोशाचे नमुने छापून आले. छापील नमुन्यांत ते सर्वांत जुन्यांपैकी मानले जातात.

हे मत खरे धरले तर खंबायतेहून गेलेली आरीची साखळी दोनशे वर्षांनी क्रोशाचे टोपडे होऊन आपल्याकडे परतली. मुलगी सासरहून नवे नाव घेऊन माहेरी यावी, तशी.

यंत्राला न जमलेले काम

इथे माझ्या पदविकेचा थोडा उपयोग करून घेतो. दोन सुयांच्या विणकामाचे यंत्र फार जुने आहे. विल्यम ली नावाच्या इंग्रजाने ते १५८९ साली बनवले. मागावरचे कापडही यंत्रावर गेले, जाळीची लेसही गेली. क्रोशा मात्र आजपर्यंत कारखान्यात गेलेला नाही.

कारण त्याच्या रचनेत आहे. दोन सुयांच्या कामात एका ओळीचे सगळे फास एकाच वेळी सुईवर उघडे असतात. तेवढ्या सुया यंत्रात ओळीने बसवल्या की यंत्र ती ओळ एका झटक्यात विणते. क्रोशात प्रत्येक टाका तिथल्या तिथे पुरा होतो आणि सुईवर एकच जिवंत फास उरतो. पुढचा टाका घालायला सुईने तयार कापडात नेमके छिद्र शोधून आत शिरावे लागते, आणि ते छिद्र प्रत्येक टाक्याला थोडे वेगळ्या जागी, वेगळ्या ताणाचे असते. बोटांना ते न पाहता सापडते. यंत्राला तसे चालवणे परवडेल इतके सोपे अजून कोणी केलेले नाही. दुकानात यंत्रावरचे 'क्रोशा कापड' म्हणून जे मिळते ते दिसायला तसे असते, पण विणलेले वेगळ्या पद्धतीने असते.

याचा सरळ अर्थ असा की बाजारात दिसणारे खऱ्या क्रोशाचे प्रत्येक टोपडे, मग ते रस्त्यावरच्या गाडीवरचे असो की मॉलमधले, कोणाच्या तरी हाताने विणलेले असते.

आता हिशेब करून पाहू. जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर. बारीक सुती दोऱ्याचे टोपडे माथ्यापासून सुरू करायचे. चार-पाच साखळ्यांचा गोल करून त्यात १२ खांब घालायचे, मग दर फेरीला १२ खांब वाढवत जायचे. आठव्या फेरीला ९६ खांब होतात. एका सेंटिमीटरला तीन खांब धरले तर घेर ३२ सेंटिमीटर झाला. विणकाम ताणते, म्हणून तो डोक्याला नीट बसतो. या आठ फेऱ्यांचे मिळून ४३२ खांब झाले. मग न वाढवता आणखी १३ फेऱ्या खाली उतरायचे, त्याचे १,२४८. एकूण १,६८०. एका खांबाला दोरा तीनदा ओढावा लागतो, म्हणजे पाच हजारांवर वेळा. सराईत हात मिनिटाला दहा खांब घालतो असे धरले, तर पावणेतीन तास झाले. कडेची महिरप, बंद, दोऱ्याची टोके आत लपवणे हे वेगळे. सकाळी सगळ्यांचे डबे झाल्यावर बसले तर संध्याकाळच्या दिव्यापर्यंत एक टोपडे होते.

आमच्या खात्यात कामाचे दरपत्रक असते. एक घनमीटर मातीच्या खोदाईला किती मजूर आणि किती वेळ, हे त्यात छापलेले असते. टोपड्याचे दरपत्रक मी कुठे पाहिलेले नाही.

भुकेच्या वेळची सुई

क्रोशा मोठ्या प्रमाणावर पोटासाठी विणला गेला तो आयर्लंडमध्ये. तिथल्या गरिबांचे सगळे जेवण बटाट्यावर चाले. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि पुढची काही वर्षे पीक हातचे गेले. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाच्या साथींनी मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. त्या वर्षांत कॉर्क शहराजवळच्या जोगिणींच्या मठांतून मुलींना क्रोशा शिकवला जाऊ लागला. उत्तरेकडे क्लोन्स या गावी तिथल्या धर्मोपदेशकाची पत्नी कॅसांड्रा हँड हिने १८४७ च्या सुमाराला हे काम सुरू करून दिले. क्लोन्सची लेस पुढे त्याच नावाने प्रसिद्ध झाली.

भांडवल म्हणजे एक आकडा आणि दोऱ्याचा गुंडा. व्हेनिसची सुईकामाची लेस अतिशय महाग असे. तिचीच नक्कल क्रोशाने कितीतरी लवकर होई. एका घरात गुलाबच विणायचे, दुसऱ्या घरात पानेच, तिसरीकडे ते सगळे जाळीने जोडायचे. कॉलर, बाह्यांच्या पट्ट्या, आणि बाळाच्या बाप्तिस्म्याचे झगे आणि टोपडी अशा वस्तू विलायतेच्या बाजारात जात. स्वतःच्या झोपडीत मुलाला पांघरूण नाही अशी बाई दुसऱ्याच्या बाळाचे टोपडे विणत होती, आणि त्याच पैशांवर तिच्या घरची चूल पेटत होती. किती कुटुंबांनी या कमाईवर बोटीचे भाडे जमवले याची मोजदाद नाही, पण क्रोशा आणि स्थलांतर हे आयर्लंडच्या आठवणीत एकत्र येतात.

त्याच सुमाराला क्रोशा श्रीमंत बायकांचाही छंद झाला. नमुन्यांच्या छापील पुस्तिका निघू लागल्या. रिएगो दे ला ब्रांशार्दिएर या बाईंनी १८४० च्या दशकापासून अशा कितीतरी पुस्तिका काढल्या. स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावच्या दोऱ्याच्या गिरण्या भरभराटीला आल्या. खुद्द राणी व्हिक्टोरिया क्रोशा करी. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी, १९०० साली, तिने म्हातारपणी आठ गळपट्टे स्वतः विणले आणि ते शौर्याबद्दल सैनिकांना दिले गेले. प्रत्येकावर तिची आद्याक्षरे आहेत. ते कोणाकोणाला मिळाले याची नोंद आहे.

आठ गळपट्टे विणणारीचे नाव आपल्याला ठाऊक आहे, आणि हजारो टोपडी विणणाऱ्यांपैकी एकीचेही नाही.

मुलींच्या शाळेतला तास

आपल्याकडे हे काम मिशनरी बायकांबरोबर आले. मुंबई, अहमदनगर अशा ठिकाणी त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि वाचन-लेखनाबरोबर शिवण-विणकामाचा तास ठेवला. मुलीला शाळेत पाठवायला घाबरणाऱ्या घरांना हा तास दिलासा देई. मुलगी बिघडणार नाही, उलट चार कामाच्या गोष्टी शिकून येईल, एवढे तरी सांगता येई.

पण या तासाला दुसरी बाजूही होती. १८८४ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने मुलींचे हायस्कूल निघाले, ते पुढे हुजूरपागा म्हणून ओळखले गेले. तिथे मुलींना इंग्रजी आणि गणित शिकवावे की स्वयंपाक आणि शिवणकामासारखे घरगुती विषय शिकवावेत, यावरून त्या दशकात मोठा वाद झाला. लोकमान्य टिळकांसारखे मोठे पुरुष त्या अभ्यासक्रमाच्या विरोधात उभे होते. म्हणजे तीच सुई एका घरात मुलीला शाळेचे दार उघडून देत होती, आणि दुसरीकडे तेच दार अर्धे लोटून घ्यायलाही वापरली जात होती. सुईचा यात काही दोष नाही. ती कोणाच्या हातात आणि कशासाठी आहे, यावर सगळे ठरते.

ज्या बायकांना आधार नव्हता त्यांच्यासाठी हा प्रश्न वादाचा नव्हता, पोटाचा होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले. तिथे विधवा आणि दुष्काळात उघड्यावर आलेल्या मुली शिवण, विणकाम, छपाई अशी कामे शिकल्या. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम सुरू केला. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले, तिथे शिवण आणि भरतकामाचे वर्ग चालत. ज्या विधवेला बारशाच्या समारंभात पुढे येऊ देत नसत, तिच्याच हाताचे टोपडे त्या बारशातल्या बाळाच्या डोक्यावर चालत असे. हे लिहिताना कसेसेच होते, पण इतिहास आहे तो असा.

आपले बडोदे

आपली घराणी १८ व्या शतकात गायकवाडांबरोबर आणि त्यांच्या मागोमाग इकडे आली. सयाजीराव महाराजांच्या काळात या शहराने शिक्षणाच्या बाबतीत जे पाहिले ते इतरांना फार उशिरा दिसले. १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ साली ते साऱ्या राज्यात लागू झाले, मुलींनाही. १८९० साली प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाताखाली कलाभवन निघाले. तिथे यंत्रकाम, विणाई, रंगाई शिकवली जाई. पुढे चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. माझ्यासारखे पदविकावाले आपली वंशावळ कलाभवनापाशी नेऊन टेकवतात.

बायकांसाठी हाताच्या कामाची वेगळी संस्था निघाली ती १९१४ साली, महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय. महाराणी दुसऱ्या चिमणाबाई म्हणजे मूळच्या देवासच्या घाटगे घराण्यातल्या. १९११ साली स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत निघालेल्या पुस्तकाच्या त्या सहलेखिका, आणि १९२७ साली पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा. या संस्थेच्या नावातला 'उद्योग' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. सुईचे काम हा वेळ घालवण्याचा छंद नसून तो उद्योग आहे आणि त्याला मोल आहे, हे त्या एका शब्दाने सांगितले. शंभर वर्षांपूर्वी बडोद्याने हे म्हटले होते, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही.

त्यानंतर काम शाळा-आश्रमांतून घरांत पसरले. मासिकांचा त्यात मोठा वाटा. १९३० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक सुरू केले. त्या आणि पुढच्या काळात मराठी मासिकांतून विणकामाचे नमुने येऊ लागले. साखळी, खांब, अर्धा खांब, मुका खांब असे शब्द मराठीत रुळले. परदेशी कामाला 'खांब' हे घराच्या बांधणीतले नाव देणारी बाई कोण होती कोण जाणे, पण शब्द असा चपखल बसला की हे काम कधी बाहेरून आले होते असे वाटेनासे झाले. बडोद्यात तर शेजारच्या गुजराती घरांशी नमुन्यांची देवघेव चाले. त्यांच्या तोरणाची नक्षी आमच्या टोपड्याच्या कडेला यायची आणि आमच्याकडची महिरप त्यांच्या बारणावर.

दोराही बदलला. आधी सुती, मग थंडीपुरती मेंढीची लोकर, आणि १९७०-८० नंतर बहुतेक 'लोकर' ही मेंढीची राहिलीच नाही, अ‍ॅक्रिलिक झाली. अ‍ॅक्रिलिकचा उगम खनिज तेलात. आपल्या शहराजवळ १९६९ साली स्थापन झालेल्या आयपीसीएलमध्ये हा तंतू तयार होत असे. घरातला कर्ता पुरुष तिकडच्या पाळीवर आणि घरात त्याच जातीच्या धाग्याचा गुंडा, अशी घरे आपल्यात आहेत. धुवायला सोपी, रंगाला पक्की, म्हणून ती लोकर चालली. पण आपल्या हवेत तान्ह्या बाळाला सुती दोऱ्याचेच टोपडे बरे, हे जुन्या बायका अजून सांगतात. आणि मोठ्या जाळीचे पायमोजे नकोत, बाळाची बोटे त्यात अडकतात, हेही. वाचकांतल्या नव्या आयांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

गोदावरीच्या मुखाशी

त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी आपली गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या आंध्रातल्या त्रिभुज प्रदेशात नरसापूर आहे. १९ व्या शतकात मिशनऱ्यांच्या घरच्या बायकांनी त्या भागात लेसचे काम शिकवले. आज नरसापूरची लेस म्हणून जी ओळखली जाते ती क्रोशाचीच. तिथल्या गावोगावच्या बायका घरात बसून ती विणतात आणि माल परदेशी जातो. आयर्लंडसारखेच तिथेही काम वाटलेले असते. फुले करणारी वेगळी, ती जोडणारी वेगळी. फुले करणारीला पुरी वस्तू कशी दिसते हे पाहायला मिळेलच असे नाही.

मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या विणकरणींचा अभ्यास करून १९८२ साली पुस्तक लिहिले. त्यातला मुख्य मुद्दा असा की जगाच्या बाजारासाठी माल करणाऱ्या या बायकांना कामगार समजले जात नव्हते. त्या 'गृहिणी' होत्या आणि त्यांचे काम 'फावल्या वेळातले'. घरचे सगळे आवरून त्या दिवसाचे कितीतरी तास विणत, पण फावला वेळ म्हटले की मजुरी कितीही कमी देता येते. अलीकडे नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. चांगले झाले. गावाचे नाव लागले. विणणारीचे अजून लागायचे आहे.

फावला वेळ हा शब्द आपल्याही घरांत सर्रास वापरला जातो. जनगणनेत केवळ घरकाम करणारी स्त्री 'काम न करणारी' या रकान्यात जाते. जी विकण्यासाठी विणते ती नियमाने त्या रकान्यात जायला नको. पण दारात आलेल्या प्रगणकाला ती स्वतःच सांगते, "मी काही करत नाही, घरीच असते." हातातली सुई तेव्हाही चालूच असते. वर केलेला १,६८० खांबांचा हिशेब त्या "काही करत नाही"मध्ये बुडून जातो.

करता येण्याजोगे

घरच्या बाळासाठी आजीने किंवा आत्याने विणलेल्या टोपड्याची किंमत करा, असे मी म्हणत नाही. ते प्रेमाचे काम आहे आणि त्याला दरपत्रक नको. पण प्रेमाचे आहे म्हणून ते बिननावाचे असावे, हे काही पटत नाही. देवळाच्या पायरीवर पाच रुपये देणाऱ्याचे नाव कोरतात. पाच हजार वेळा दोरा ओढणाऱ्या हाताचे नाव निदान एका चिठ्ठीवर यायला हवे.

म्हणून आपल्या मंडळाकडे माझी एक सूचना आहे. पुढच्या गणेशोत्सवात एक दिवस बाळलेण्यांचे प्रदर्शन ठेवावे. आपापल्या ट्रंकांतून, कपाटांतून जुन्या कुंच्या, टोपडी, झबली बाहेर काढावीत. प्रत्येक वस्तूजवळ एक चिठ्ठी असावी: कोणी केले, कोणासाठी, कोणत्या साली, आणि तिने ते कोणाकडून शिकले. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चार-पाच पिढ्या मागे गेलो की कुठेतरी एखादी शाळा, एखादा आश्रम, एखादी शेजारीण सापडेल आणि आपल्या समाजाचा न लिहिलेला इतिहास थोडा तरी कागदावर येईल. आज ८० च्या पुढे असलेल्या बायकांना विचारायला फार वर्षे हातात नाहीत.

दुसरे काम याहून सोपे आहे. बाजारात क्रोशाचे टोपडे घेताना भाव पाडण्याआधी पावणेतीन तास आठवावेत. यंत्राने ते केलेले नाही, कारण यंत्राला ते येतच नाही.

आणि आहेराच्या वहीत एक रकाना वाढवावा. वाळे अमुक यांचे, पाकीट तमुक यांचे, आणि त्यांच्या खाली, त्याच अक्षरात, टोपडे कोणी विणले तिचे पूर्ण नाव.